सेनगांवचा चिखल आणि चाकाची रुंदी

हिंगोलीहून सेनगांवकडे पावसाळ्यांत जाणाऱ्यानें डांबरी रस्ता सोडला, कीं काळ्या मातीशीं गांठ पडते. ही माती पाणी पिऊन फुगते आणि चाकास चिकटून बसते. अशा चिखलांत टायर अरुंद बरा कीं रुंद, हा प्रश्न आम्हांस तेथेंच पडला.

डांबरावर बोटभर राड असल्यास अरुंद टायर ती कापून खालच्या कठीण थरास भिडतो. हिमाचलांतील उथळ बर्फांतहि हाच न्याय. शेतवाटेस मात्र तळच लवकर लागत नाहीं. तेथें बैलगाडीच्या चाकाची अरुंद लोखंडी धाव रुततच जाते. रुंद टायर भार पसरून वर राहतो.

पण नुसत्या रुंदीनें भागत नाहीं. आमच्या मोटारीच्या टायरांवरील बारीक नक्षी चार फेऱ्यांतच लिंपून गेली. मग चाकें जागच्या जागीं गरगरूं लागलीं. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांचे उंच, तिरपे, विरळ कंगोरे मातींत घुसतात आणि फिरतां फिरतां बरीचशी माती झटकून टाकतात. आडवाटेच्या वस्तीवरून अडलेल्या बाईस दवाखान्यांत न्यावयाचें असेल, तर अशा दिवसांत भरंवसा त्याचाच.

मोटारवाल्यानें टायरांतील हवा थोडी कमी करावी, म्हणजे टायर पसरून अधिक जागा धरतो. डांबरावर येतांच ती पुन्हां भरावी, नाहीं तर टायर तापतो.