काकासाहेबांची बाजू

केशवराव दात्यांना मी कधी पाहिलं नाही. १९७१ साली ते गेले, तेव्हा मी माजरी जंक्शनच्या यार्डात चड्डी सावरत कोळशाच्या वॅगनी मोजत होतो. तरी नट म्हणून जे काही माझ्याकडे आहे, ते त्यांचंच देणं. मधला दुवा म्हणजे आमच्या खाणीतले हाजरीबाबू.

कॉलनीच्या गणपतीत मी सावकार केला होता. कोळशाने मिशा काढल्या (माजरीत काजळ विकत कोण घेतो!), डोळे वटारले, घसा बसेपर्यंत ओरडलो. टाळ्याही पडल्या. हाजरीबाबू मात्र म्हणाले, "लेका, तो सावकार तुले वाईट दिसते. त्याले सोताले थोडीच वाईट दिसते?" मग त्यांचं दातेपुराण सुरू झालं. 'महाराष्ट्र नाटक मंडळी'त स्त्रीभूमिका केलेला हा माणूस १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर'च्या 'आंधळ्यांची शाळा'त उभा राहिला, तेव्हा त्याच्यासमोर बायकांची कामं बायकाच करत होत्या!

हाजरीबाबूंच्याच घरी टीव्हीवर 'कुंकू' पाहिला. 'प्रभात'चा, १९३७चा. दाते म्हणजे म्हातारे विधुर वकील काकासाहेब, आणि त्यांच्या गळ्यात बांधलेली तरुण नीरा म्हणजे शांता आपटे. पार्श्वसंगीत नावालाही नाही, सगळा भार नटावर. आपण नीरेच्या बाजूने बसतो आणि शेवटपर्यंत तिच्याच बाजूने राहतो. पण दात्यांचे काकासाहेब दुष्टपणा करतच नाहीत. आपण हक्काचंच मागतोय, या समजुतीने ते घरभर वावरतात. नीरेला मोकळं करण्यासाठी ते जीव देतात, तेव्हा मला त्यांची दया आली आणि दया आल्याचा रागही. शांतारामांचं दिग्दर्शन थोर खरंच. पण मला विचाराल तर हे चित्र दात्यांनी तोललंय. हीच भूमिका त्यांनी हिंदी 'दुनिया न माने'तही केली.

पुढच्या गणपतीत पुन्हा तोच सावकार मागून घेतला. मिशा नाहीत, आरडाओरडा नाही. व्याजाचा आकडा सांगताना धोतरावरची विडीची राख तेवढी झटकायची. राख झटकली आणि पुढच्या रांगेतून आमची दूधवाली म्हातारी ताडकन उठली, "मुडद्या, तुया हाताले किडे पडो!"

दुसऱ्या दिवशी तिने मला दूध मापून दिलं, पण तोंड फिरवून. हाजरीबाबू मात्र जाम खूश होते.