काहीतरी चांगलं सुचव ना!

ऑफिसात एखाद्याच्या डेस्कवर सलग दोन-तीन आठवडे मराठी पुस्तकं दिसली, की त्या माणसाला आपोआप एक जास्तीचं पद मिळतं. पगार वाढत नाही, पण पद मिळतं. चहाच्या वेळी, लिफ्टमध्ये, रिलीजच्या रात्री पिझ्झाची वाट बघताना कुणीतरी खांद्यावर हात ठेवतं आणि म्हणतं, "अरे, काहीतरी चांगलं पुस्तक सुचव ना."

आता मंडळी, आपण रिक्वायरमेंट गोळा करून पोट भरणारी माणसं. क्लायंटने फोनवर "काहीतरी चांगलं बनवून द्या" एवढंच सांगितलं तर आपण लगेच कोड लिहायला बसतो का? पुस्तकाच्या बाबतीत मात्र विचारणारा एवढ्यावरच थांबतो आणि सांगणाराही छातीठोकपणे सांगून मोकळा होतो. 'मृत्युंजय' वाच, 'कोसला' वाच, संपला विषय! व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या त्या 'वाचायलाच हवीत अशी शंभर पुस्तकं' छापाच्या याद्या तर विचारूच नका. यादीतली पुस्तकं वाईट नसतात हो. वाचणारा कोण, याचाच त्यात पत्ता नसतो.

म्हणून मी उलट दोनच प्रश्न विचारतो. शेवटचं कुठलं पुस्तक पूर्ण संपवलंस? आणि नवीन पुस्तक वाचणार कधी नि कुठे? "तुला काय आवडतं?" हे मी मुद्दाम विचारत नाही, कारण त्यावर लोक आपल्याला काय आवडायला हवं ते सांगतात. शेवटचं संपवलेलं पुस्तक खोटं बोलत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर त्याहून महत्त्वाचं. कंपनीच्या बसमध्ये हिंजवडीला तास-दीड तास लटकणारा माणूस आणि बाळ झोपल्यावर मिळालेल्या वीस मिनिटांत वाचणारी आई, या दोघांना एकच पुस्तक कसं चालेल?

आमच्याकडे सगळ्यात मोठा गट आहे दहावीनंतर मराठी न वाचलेल्यांचा. त्यातले बरेच इंग्रजी माध्यमातले. त्यांची खरी अडचण कुणी बोलून दाखवत नाही, ती म्हणजे स्पीड. इंग्रजीत जे पान मिनिटभरात उडतं, त्याच्याएवढं मराठी पान चार मिनिटं खातं. तिसऱ्या पानावर माणसाला स्वतःचीच लाज वाटायला लागते आणि पुस्तक पलंगाच्या बाजूला चार्जरखाली जाऊन बसतं. मग 'मराठीत दम नाही' असं जाहीर होतं. अशा माणसाच्या हातात हजार पानांचं ऐतिहासिक बाड देणं म्हणजे जिमच्या पहिल्याच दिवशी शंभर किलो उचलायला लावणं.

माझं ठरलेलं उत्तर 'बनगरवाडी'. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची कादंबरी, आकाराने इतकी लहान की एका शनिवार-रविवारात आरामात होते. माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर एक पोरसवदा मास्तर शाळा चालवायला येतो, बस्स. वाक्यं छोटी, शब्द साधे, आणि समोर जे दिसतं तेच लिहिलेलं. नवीन गावी एकट्याने पहिली नोकरी केलेल्या कुणालाही तो मास्तर लगेच ओळखीचा वाटतो. विशेष म्हणजे पुस्तक संपतं! बारा वर्षांनी एक अख्खं मराठी पुस्तक संपवलेला माणूस दुसऱ्या दिवशी ऑफिसात कसा चालतो ते एकदा बघाच.

त्यानंतर मिलिंद बोकीलांची 'शाळा' (२००४) जवळजवळ कुणालाही चालते. नववीतला मुलगा, आणीबाणीचे दिवस, पुढच्या बाकावरची मुलगी. सिनेमा पाहिला असला तरी हरकत नाही, कारण मुकुंदाच्या डोक्यात चाललेली बडबड सिनेमात मावणारी नव्हतीच. प्रकाश नारायण संतांचा लंपन मात्र मी थोडा राखून ठेवतो. २०२४ मध्ये 'लंपन' ही वेब सिरीज आल्यावर बरेच जण त्याच्याविषयी विचारायला लागले. 'वनवास'मधली ती बेळगाव भागातली, कानडीच्या शेजारी वाढलेली मराठी पहिली दहा पानं अडवते, मग सोडत नाही. एक युक्ती सांगतो. ती दहा पानं मोठ्याने वाचा. डोळे अडखळतात तिथे कान निघून जातात.

सिनेमावरून आठवलं, 'तुंबाड'चा घोळ. २०१८ चा तो सिनेमा बघून भारावलेली मंडळी उत्साहाने 'तुंबाडचे खोत' मागवतात आणि पन्नास पानांनंतर विचारतात, "यात हस्तर कधी येतो?" नाही येत बाबांनो! श्री. ना. पेंडशांची ती दोन खंडांची कादंबरी १९८७ ची. जगबुडीच्या काठावरच्या एका खोत घराण्याच्या कित्येक पिढ्यांची ती गोष्ट आहे. सिनेमाने तिथून नाव उचललं आणि भीती घेतली नारायण धारपांच्या कथेतून. तेव्हा ज्याला अंगावर काटा हवाय त्याला धारप द्यावेत. आणि सिरीजचे चार-चार सीझन पाठोपाठ बघू शकणाऱ्याला बेलाशक खोत द्यावेत. तिथेही लोभ आहे, वाडा आहे, माणसं एकमेकांना खातात. फक्त रक्त दिसत नाही.

ट्रेकवाल्या मित्रांचं सोपं असतं. जूनमध्ये काजवे बघायला राजमाचीला जाणारे निम्मे लोक आमच्याच बिल्डिंगमधले असावेत असा मला संशय आहे. त्यांना मी 'माचीवरला बुधा' देतो. गोनीदांचं हे छोटंसं पुस्तक १९५८ चं. मुंबई सोडून परत आलेला एकटा म्हातारा, झाडं, जनावरं, आणि त्याच राजमाचीचा परिसर. एकाने ते वाचलं आणि पुढच्या ट्रेकला ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवून आला. मी काही बोललो नव्हतो हं!

"मराठीत सायन्स फिक्शन आहे का रे?" या प्रश्नावर तर मला बाह्या सरसावाव्याशा वाटतात. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली विज्ञानकथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून! केंब्रिजहून आलेल्या नावाजलेल्या शास्त्रज्ञाचं नाव बघून परीक्षकांनी भुलू नये, म्हणून. बक्षीस अर्थात मिळालंच. आमच्या टीममधल्या एआयवाल्यांना मी 'वामन परत न आला' वाचायला देतो. पुरातन ज्ञानावरून बनवलेला यंत्रमानव, आणि तो स्वतःसारखे आणखी यंत्रमानव बनवू शकला तर काय, हा प्रश्न. चॅटबॉट वगैरे कुणाच्या गावीही नव्हते तेव्हाचं हे पुस्तक आहे. नारळीकर मे २०२५ मध्ये गेले, त्या आठवड्यात माझी प्रत चार डेस्क फिरून आली.

खरी मजा पौराणिकवाल्यांची. आमच्याकडे एक कर्णभक्त आहे. साधासुधा नाही, व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीवर पाच वर्षं कर्णच. 'मृत्युंजय' तीनदा वाचलेलं. "असंच अजून काहीतरी दे." आता असंच अजून दिलं असतं तर तो खूश झाला असता, पण आहे तिथेच राहिला असता. मी त्याला 'युगान्त' दिलं. गंमत बघा, शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' आणि इरावती कर्व्यांचं 'युगान्त' दोन्ही १९६७ चीच. एकाच वर्षी, एकाच भाषेत, एकाच महाभारतातून निघालेली ही दोन पुस्तकं एका कपाटात ठेवली तर रात्री भांडतील! सावंतांचा कर्ण स्वतःची बाजू स्वतः सांगतो आणि आपल्याला रडवतो. इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ. त्या भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती समोर ठेवून विचारतात, की मूळ ग्रंथात हा माणूस नेमका वागतो कसा? खांडववन जाळलं ते का, तिथे कोण राहत होतं? विदुर आणि धर्म यांचं नातं काय असावं? भीष्माच्या त्यागाची किंमत कुणी मोजली? आणि हे सगळं अडीचशे-तीनशे पानांत, स्वयंपाकघरात गप्पा माराव्यात इतक्या स्वच्छ मराठीत.

तिसऱ्या दिवशी कर्णभक्त तणतणत डेस्कवर आला. "या बाई कर्णाला असं कसं म्हणू शकतात?" तीन जेवणाच्या सुट्ट्या आम्ही वाद घातला. क्यूएची दोन माणसं डबे घेऊन नुसती ऐकायला बसायची. चौथ्या दिवशी त्याने विचारलं, मूळ महाभारताचं मराठी भाषांतर कुठे मिळेल? डीपी अजून कर्णच आहे. पण मला विचाराल तर, आवडलेल्या पुस्तकासारखं दुसरं पुस्तक सुचवायला संगणकही पुरतो. 'ज्यांनी हे घेतलं त्यांनी तेही घेतलं', झालं. आवडलेल्या पुस्तकाशी भांडणारं पुस्तक सुचवायला समोरच्याला ओळखणारा माणूस लागतो.

हाच प्रयोग मी 'इन्स्पिरेशनल' मागणाऱ्यांवरही करतो. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' सगळेच देतात. १९८१ पासून देताहेत आणि ते बरोबरच आहे. त्याच्या मागोमाग मी दया पवारांचं 'बलुतं' (१९७८) ठेवतो. त्यात यशाची शिडी वगैरे काही नाही. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो, आणि सांगताना स्वतःलाही सोडत नाही. आपल्याच मुंबईतला कावाखाना त्यात आहे. "शहरात आता जात-बित कुठे असते" असं म्हणणाऱ्यांसाठी उत्तम. ते वाचून कुणाला लगेच प्रेरणा-बिरणा मिळत नाही, पण ते वाक्य परत ऐकू आलेलं नाही.

'कोसला' राहिलं. नेमाड्यांनी पंचविशीत लिहिलेलं, आणि शक्यतो पंचविशीच्या आतच वाचावं असं माझं मत (भांडायचं असेल त्यांनी चहाला भेटावं). नुकत्याच हॉस्टेलमधून सुटलेल्या फ्रेशरला द्या, तो सांगवीकरसारखा बोलत फिरेल. होम लोनचा दुसरा हप्ता भरणाऱ्याला, तेही पहिलं मराठी पुस्तक म्हणून, 'यातून तुझी लायकी कळेल' अशा थाटात देऊ नका. बरेच जण नेमकं तेच करतात. पुस्तक म्हणजे काय इंटरव्ह्यूचा राउंड आहे?

असो. सगळ्यात अवघड रिक्वायरमेंट आली ती गेल्या वर्षी, आमच्या बेंगळुरू ऑफिसमधल्या एका पोराकडून. बोलतो छान मराठी, पण शिक्षण सगळं बाहेर, वाचतो बोट ठेवून. त्याची आजी नाशिकला, वय सत्त्याऐंशी. आयुष्यभर वाचत आलेली बाई, आणि आता डोळ्यांच्या पडद्याचा आजार. डॉक्टरांनी सांगितलंय, आहे तेवढं टिकवू, गेलेलं परत येणार नाही. टीव्हीच्या मालिका ऐकायला तिला आवडत नाहीत. तर याला रविवारी फोनवरून आजीला काहीतरी वाचून दाखवायचं होतं. "असं पुस्तक सांग, जे मी वाचताना ती कंटाळून झोपणार नाही आणि मी अडखळलो तरी चालेल."

मी दोन दिवस मागून घेतले. वर्णनांनी भरलेली पुस्तकं बाद, फोनवर वर्णन मरतं. पुलं बाद, कारण ते खुद्द पुलंच्याच आवाजात ऐकलेल्या पिढीसमोर याने बोट ठेवून वाचायचं म्हणजे पोराचा छळ. उरलं 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळकांना शाळा अशी मिळालीच नाही, त्यामुळे त्यांचं लिहिणं म्हणजे बोलणंच. १९३४ पासून चार भागांत ते निघालं. छोटे छोटे प्रसंग, एका फोनमध्ये दोन-तीन सहज होतात. वडिलांचं सोवळं एवढं कडक, की बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुवून घेणार! अकराव्या वर्षी लग्न, नवरा कवी आणि अत्यंत लहरी. तो १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर कोसळलेलं आभाळ, ताटातूट, आणि काही वर्षांनी आपल्याच विचाराने तिने तोच रस्ता धरणं. हे सगळं ती असं सांगते की हसावं का रडावं कळू नये. शिवाय मुलूख नाशिकचा. आजींना गल्ल्यासुद्धा ओळखीच्या.

पहिल्या रविवारी पाऊण तासात चार पानं झाली. मीठ धुण्यापाशी आजींनी त्याला थांबवलं आणि स्वतःच्या सासूबाईंच्या सोवळ्याचा एक किस्सा सांगितला, जो घरात कुणालाच ठाऊक नव्हता. मग हे दर रविवारचंच झालं. चार पानं लक्ष्मीबाई, दोन पानं आजी. याचं वाचन सुधारलं ते बोनस. बोट आता फक्त जोडाक्षरांवर लागतं.

तिसरा भाग संपत आला तेव्हा त्याने मला पिंग केलं, "यानंतर काय?" मी म्हटलं, अरे, आता वाचक तुझ्या ओळखीचा झालाय, तिलाच विचार. त्याने विचारलं. आजी म्हणाल्या, "बाबूराव अर्नाळकर मिळतात का बघ. झुंजार आण. लग्नाआधी चोरून वाचायचे मी."

हजारावर रहस्यकथा लिहिलेला माणूस, पण आज शोधायला गेलं तर रद्दीवाल्यांचे पाय धरावे लागतात. दोन शनिवार हिंडून दोन मिळाल्या आहेत. एक धड आहे. दुसरीची शेवटची चार पानं गायब आहेत, त्यामुळे खुनी कोण ते आजींना आठवत असेल तर बरं.