कणकण

रानवाटांवरील ट्रायथलॉनला नाव मिळवून दिले ते १९९६ साली हवाईतील माउई बेटावर सुरू झालेल्या एक्स्टेराने. साधारण १.५ किलोमीटर पोहणे, ३० सायकल, १० धावणे. पवना जलाशयाकाठी तशाच एका शर्यतीत आम्ही उतरलो, तेव्हा अर्जात प्रश्न होता : 'ताप आहे काय?' आम्ही 'नाही' लिहिले. ताप नव्हताच, होती ती कणकण. शब्दांच्या छटा शिकविण्याचा असाही उपयोग! पोहणे कसेबसे निभावले. सायकलीवर मात्र तिकोन्याकडील चढणीला दात वाजू लागले, हँडल डुगडुगले आणि आम्हाला चुकवताना मागचा मुलगा दगडांवर आपटला. गुडघा फुटलेला तो आमचाच विद्यार्थी. उठवायला गेलो तर त्यानेच आमचे मनगट धरले. म्हणाला, "सर, तुम्हाला ताप आहे."