तिघांचं बोलणं

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत समुपदेशक असावा, सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण मिळावं, पालकांसाठीही जागृतीचे कार्यक्रम व्हावेत, असं त्यांत म्हटलं आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात तेरा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे आणि त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा आहे. तेव्हा या सूचनांची गरज वेगळी सांगायला नको. शाळांमधले समुपदेशक, आरोग्यसेविका, किशोरवयीनांसाठीच्या 'मैत्री' क्लिनिकमधले कर्मचारी यांना किशोरवयीन मुलांशी आणि त्यांच्या आईवडिलांशी कसं बोलावं हे शिकवण्याचं काम मी करते. या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. आपण मुलांबद्दलचं सत्र वेगळं घेतो, पालकांबद्दलचं वेगळं. काम मात्र अडतं ते मूल आणि पालक एकाच वेळी समोर बसलेले असतात तिथे. ती वेळ निभावून न्यायचं कसब व्याख्यानं ऐकून येत नाही. ते सरावानं येतं, आणि सरावानंतर कुणीतरी सतत पाठीशी राहिलं तरच टिकतं.

माहितीची वानवा आता तितकी राहिलेली नाही. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाला. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी त्याचे साचे, पुस्तिका, प्रश्नावल्या तयार आहेत. घर, शाळा, खाणंपिणं, मित्रमैत्रिणी, व्यसन, लैंगिकता, मन, सुरक्षितता या क्रमानं मुलाशी बोलत जायची पद्धत प्रशिक्षणार्थींना तोंडपाठ असते. पण सराव सुरू होतो तेव्हा वेगळंच दिसतं. तिघी जणी पुढे येतात. एक पंधरा वर्षांची मुलगी होते, एक तिची आई, एक समुपदेशक. आई बसता बसताच म्हणते, "मॅडम, तुम्हीच विचारा हिला, रात्री कुणाशी बोलत असते ते." समुपदेशक झालेली बाई मुलीकडे वळते आणि तोच प्रश्न जरा मऊ शब्दांत विचारते: "बाळा, काय झालंय? रात्री कुणाशी बोलतेस तू?" मुलगी गप्प. प्रश्नावली तोंडपाठ असलेली ही बाई पहिल्याच वाक्याला आईची वकील होऊन बसली, आणि पुढे तिनं कितीही मायेनं विचारलं तरी मुलीला आता आईचाच आवाज ऐकू येणार. अशा वेळी आधी आईकडे वळायचं असतं. "ताई, तुमच्या जिवाला घोर लागलाय हे कळतंय. कशाची भीती वाटते सांगा, मग मी थोडा वेळ हिच्याशी एकटीशी बोलेन." हे वाक्य वाचायला सोपं आहे. रडणाऱ्या किंवा चिडलेल्या आईसमोर ते तोंडून निघायला पुष्कळ वेळा म्हणून पाहावं लागतं.

गोपनीयतेचं बोलणं तर याहून अवघड. बहुतेक जण ते मुलाला एकट्याला घेतल्यावर करतात: "तू सांगशील ते माझ्याजवळच राहील." यात दोन चुका आहेत. पहिली म्हणजे हे वचन पाळता येत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. दुसरी चूक जास्त महागात पडते. हे वचन पालकाच्या अपरोक्ष दिलेलं असतं, त्यामुळे दार उघडल्यावर बाहेर थांबलेले वडील "काय म्हणाला?" असं विचारतात तेव्हा समुपदेशकाकडे उत्तरच नसतं. म्हणून मी शिकवते ते असं, की ही बोलणी तिघांसमोरच करायची. मुलाचं बोलणं त्याच्या परवानगीशिवाय घरी सांगितलं जाणार नाही. पण त्याच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, कुणी त्याच्यावर अत्याचार करत असेल, तर ते योग्य ठिकाणी कळवावं लागेल, आणि कळवण्याआधी मुलाला तसं सांगितलं जाईल. आईवडिलांनी हे स्वतःच्या कानांनी ऐकलेलं असलं की ते बाहेर थांबायला तयार होतात, कारण खरा धोका त्यांच्यापासून लपवला जाणार नाही हे त्यांना कळलेलं असतं.

आणि आपल्याकडे शेजारच्या खुर्चीवर दर वेळी आईच असते असंही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. सतरा वर्षांची गरोदर मुलगी तपासणीला येते तेव्हा बऱ्याचदा सोबत सासू असते. २०१७ पासून अठराखालच्या पत्नीशी शरीरसंबंध हाही बलात्कारच ठरतो, म्हणजे ही तपासणी करणाऱ्या नर्सबाईसमोर कायदा, मुलगी आणि सासर एकदमच उभे राहतात. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एक वाट मोकळी केली: अल्पवयीन मुलीचा गर्भपात करताना तिनं आणि तिच्या पालकानं विनंती केली, तर डॉक्टरांना पॉक्सोच्या माहितीत तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. मुली पोलिसांच्या धास्तीनं भलत्या हातांत जाऊ नयेत, यासाठी ही सवलत फार मोलाची आहे. पण ती मागायला मुलगी आणि पालक दोघं लागतात. दोघांशी बोलण्याचं कसब नसेल तर ती कागदावरच राहते, आणि हे मला फार लागतं.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की हे तज्ज्ञ मानसशास्त्रज्ञांचं काम आहे, आठवडाभराच्या शिबिरातून आलेल्या कार्यकर्त्यांनी त्यात पडू नये. याचं उत्तर एका अभ्यासात सापडतं. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ माध्यमिक शाळांत 'सेहर' नावाचा हा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. काही शाळांत प्रशिक्षण दिलेले, पण मानसोपचाराची पदवी नसलेले समुपदेशक नेमले. काही शाळांत तोच कार्यक्रम तिथल्याच एका शिक्षकाला प्रशिक्षण देऊन सोपवला. समुपदेशक असलेल्या शाळांतलं वातावरण सुधारलं, मुलांमधलं नैराश्य, दादागिरी आणि हिंसा कमी झाली. शिक्षकांकडे सोपवलेल्या शाळांत तसा फरक दिसला नाही. पदवी नसणं हा अडसर ठरला नाही, हे तर यातून दिसतंच. पण नुसतं प्रशिक्षण दिलं म्हणजे झालं, हा समजही इथे खोटा पडतो. माझ्या मते, त्याच कामासाठी राखलेला वेळ, परीक्षेच्या गुणांशी संबंध नसलेलं माणूस आणि मागून मिळणारी देखरेख, यांनी फरक पडला. ही देखरेख करायला तरी तज्ज्ञ कुठून आणायचे, असं विचारणाऱ्यांना मी गोव्याकडे बोट दाखवते. 'संगाथ' संस्थेच्या प्रौढांबरोबरच्या कामात असेच साधे समुपदेशक एकमेकांच्या बोलण्याची ध्वनिमुद्रणं गटात ऐकून ठरलेल्या निकषांवर गुण देत. सरावानं त्यांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांच्या जवळ येत गेले. हे गावपातळीवरही करता येण्यासारखं आहे, मुद्रणाला संमती घेतलेली असली आणि आठवड्यातला तेवढा वेळ पगारी धरला तर.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि मी तो टाळत नाही. काही घरांत पालकच मारतो, छळतो. तिथे तिघांना एकत्र बसवणं म्हणजे मुलाला वाघाच्या तोंडी देणं. खरंच आहे. म्हणून सुरक्षिततेचे प्रश्न एकट्या मुलालाच विचारायचे, आणि उत्तर संशयास्पद वाटलं तर पुन्हा एकत्र बसवायचं नाही. ही पारख सरावातच शिकवायला हवी. पण अशा घरांकडे पाहून सगळ्याच पालकांना दाराबाहेर ठेवायचं ठरवलं, तर मूल आपल्याशी मोकळं होईल आणि संध्याकाळी त्याच घरी जाईल, जिथे काहीच बदललेलं नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. ओपीडीच्या गर्दीत एवढं बोलायला कुणाला सवड आहे? पंचवीस मिनिटं पुरतात, जर ती वाटून घेतली तर. पहिली पाच तिघांची, मधली पंधरा मुलाची, शेवटची पाच पुन्हा तिघांची. या शेवटच्या पाचांची तयारी मधल्या पंधरांत करावी लागते: घरच्यांना काय सांगायचं, ते तू सांगणार की मी, आणि आज काय सांगायचं नाही.