घेरी, भोवळ आणि अंधारी

‘मला चक्कर येते’ असे घरातील वडीलधारे माणूस म्हणाले, की आपण पुढे काय करता? मी सासूबाईंना लिंबाचे सरबत दिले, पंखा लावला आणि निजून राहण्यास सांगितले. विचारले मात्र काहीच नाही.

तीन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, तळ्याच्या आमच्या घरी ही गोष्ट घडली. सासूबाईंचे वय तेव्हा ७६. फडताळाच्या वरच्या खणातील समया काढण्यासाठी त्यांनी मान वर केली आणि सारे माजघर त्यांच्याभोवती गरगरू लागले. जवळच्या खांबाला त्यांनी मिठी मारली, म्हणून पडल्या नाहीत. पाठोपाठ उलटी झाली. उलटी झाली म्हणजे पित्त, हा आमच्या घरचा जुना निवाडा. त्यानुसार आवळा झाला, कोकम झाले. परंतु दुसऱ्या दिवशी पहाटे अंथरुणात कूस बदलताच पुन्हा तेच घडले.

एका डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढून घेतला. मणक्यांची झीज दिसली. या वयात कोणाच्या मानेत ती दिसत नाही? पण तेव्हा मला हे सुचले नाही. गळ्यात पट्टा आला, चकरेच्या गोळ्या सुरू झाल्या आणि त्या चार महिने चालल्या.

त्या चार महिन्यांविषयी मला आपल्याशी मोकळेपणाने बोलायचे आहे, कारण त्यात माझा वाटा मोठा होता. सासूबाई खुर्चीत बसून झोपू लागल्या. आडवे होण्याचीच त्यांनी धास्ती घेतली होती. अंगणात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते म्हणून मी त्यांचे बाहेर जाणे बंद केले. मग परसदारी जाणे, मग देवघरातले खाली बसणेही. ‘आई, तुम्ही उठू नका, मी देते’ हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणत असेन! त्याला मी सेवा समजत होते. दिवाळीपर्यंत त्यांच्या पायांतील बळ इतके ओसरले, की चक्कर नसतानाही त्यांचा झोक जाऊ लागला. गोळ्यांनी दिवसभर गुंगी असे, ती वेगळीच.

शेवटी इंदापूरमार्गे माणगावला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. वळणावळणाच्या रस्त्यावर सासूबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. चकरेसाठी कानाचे डॉक्टर कशाला, असे मलाही वाटत होते. त्यांनी तपासण्यापूर्वी तीनच गोष्टी विचारल्या. घर फिरते, की डोळ्यांपुढे काळोख येतो, की नुसता तोल जातो? किती वेळ टिकते? आणि नेमके काय करताना होते?

आपल्या भाषेत यासाठी निरनिराळे शब्द आहेत: घेरी, भोवळ, अंधारी, झोक जाणे. आपण मात्र सगळ्यांना ‘चक्कर’ म्हणून मोकळे होतो. सासूबाईंनी स्वच्छ सांगितले, “घर फिरतं. कूस पालटली की, नाहीतर वर बघितलं की. मिनीटभरही टिकत नाही.” निदान जवळजवळ तेवढ्यावरच झाले.

आपल्या अंतर्कर्णात तोल सांभाळणारी इंद्रिये आहेत. तेथे कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण एका पटलावर चिकटलेले असतात. तिसऱ्यांची शिंपले ज्या द्रव्याची बनतात, तेच हे द्रव्य. वयोमानाने किंवा डोक्याला मार बसल्याने त्यांतील काही सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत उतरतात. मग मान विशिष्ट दिशेला वळली की हे कण घरंगळतात, नलिकेतील द्रव हलवतात आणि डोके स्थिर झाले तरी मेंदूला ते फिरतच असल्याचा निरोप जातो. उलटी होते ती यामुळेच. पित्ताचा त्यात काही दोष नाही.

डॉक्टरांनी सासूबाईंना तपासणीच्या टेबलावर बसवले, मान उजवीकडे वळवली आणि झटकन मागे निजवले. डोके टेबलाच्या कडेखाली किंचित लोंबते राहिले. क्षणभराने त्यांची बुबुळे थरथरू लागली आणि त्यांनी माझा हात करकचून धरला. ही परीक्षा १९५२ साली डिक्स आणि हॉलपाइक या दोघांनी मांडली. उजवा कान दोषी ठरल्यावर डॉक्टरांनी त्यांचे डोके सावकाश डावीकडे, मग अंगासह आणखी कुशीवर वळवले, प्रत्येक स्थितीत थोडा वेळ थांबले आणि शेवटी उठवून बसवले. नलिकेतील कण पुन्हा मूळ जागी ओघळावेत, एवढाच त्यातील हेतू. ना सुई, ना शस्त्र. अमेरिकेतील जॉन एप्ली यांची ही रीत. इतकी साधी, की बरीच वर्षे त्यांच्या व्यवसायबंधूंचा तिच्यावर विश्वास बसेना. त्यांचा लेख १९९२ साली छापून आला. सासूबाईंना ती एका आठवड्याच्या अंतराने दोनदा करावी लागली.

प्रत्येक चक्कर अशी नसते, हेही लक्षात ठेवा. अंथरुणातून उठून उभे राहताच अंधारी येत असेल, तर आडवे असताना आणि उभे राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी रक्तदाब मोजून घ्या. वरचा आकडा २० किंवा अधिक उतरत असेल, तर रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचे प्रमाण डॉक्टरांना पुन्हा पाहावे लागेल. चक्कर तासन्तास टिकते आणि सोबत कानात आवाज येऊन ऐकू कमी येते, ते दुखणे निराळे. आणि अकस्मात चक्कर येऊन बोबडी वळली, तोंड वाकडे झाले, एकाचे दोन दिसू लागले, हातापायातील जोर गेला किंवा आधाराशिवाय उभेच राहवेना, तर सरबत करत बसू नका; १०८ ला फोन करा. तो पक्षाघात असू शकतो.

चकरेच्या गोळ्या पहिले काही दिवस उपयोगी पडतात. पुढे महिनोन्महिने घेतल्यास मेंदूला तोल नव्याने सावरण्याची संधीच मिळत नाही, आणि सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन यांसारख्या काहींनी वृद्धांमध्ये कंप व ताठरपणा येऊ शकतो. आपल्या घरी अशी गोळी वर्षभर चालू असेल, तर ती परस्पर बंद न करता ‘आणखी किती दिवस?’ एवढे डॉक्टरांना अवश्य विचारा. मोबाइलवर पाहून मान वळवण्याचे प्रयोगही नकोत; कान कोणता हे आधी ठरावे लागते आणि मानेचे दुखणे असल्यास जपावे लागते.

घरात आम्ही फार काही केले नाही. न्हाणीघरात दांडी बसवली, रात्री मंद दिवा ठेवला, पायपुसण्या उचलल्या. पायऱ्यांचे शेवाळ मी दर आठवड्याला खरवडते. समया खालच्या खणात आल्या. अवघड गेले ते ‘उठू नका’ हे शब्द गिळणे. प्रथम ओटीपर्यंत, मग अंगणात, मग परसदारी असे त्यांना चालते करण्यात दोन महिने गेले, आणि त्यांच्या मागे मागे हात पुढे करून चालण्याची माझी खोड जाण्यास त्याहून अधिक.

हा त्रास पुन्हा उद्भवू शकतो, असे डॉक्टरांनी सांगितलेच होते. गेल्या श्रावणात एका पहाटे त्यांनी मला हाक मारली. मी धावत गेले, तर त्या पलंगाच्या कडेला शांत बसल्या होत्या.

“घाबरू नकोस. उजव्या कुशीवरच होतं, डाव्या नाही. मी मोजलं, वीस आकडे झाले आणि थांबलं. माणगावला कधी जायचं ते विचार. आणि आज फुलं मी काढीन, तू मागे येऊ नकोस.”