एका दाताचा फरक

आमची मारुती ८०० म्हणजे माझी सवतच! २००७ साली घरात आली, तेव्हापासून प्लगपासून ब्रेकपर्यंत तिचं सारं ह्यांनी आपल्या हातांनी केलं. गेल्या वर्षी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं सुधारलं, हिंडूफिरू लागले, पण उजव्या हाताची पकड काही परत आली नाही. हत्यारांची पेटी पलंगाखाली गेली ती गेलीच.

दिवाळीनंतर गाडीचा आकडा लाखाजवळ आला. “टायमिंग बेल्ट बदलायला झालाय,” हे म्हणाले आणि गप्प बसले. तो ह्यांनीही कधी बदलला नव्हता. गॅरेजला द्यावी हे मला कळत होतं, पण ह्यांचा चेहरा पाहून निघून गेलं तोंडातून, “तुम्ही सांगा, मी करते.”

करते म्हटलं खरं! रविवारी सकाळी ह्यांचा जुना शर्ट चढवून मी आमच्या सुकापूरच्या सोसायटीत गाडीपाशी फतकल मारली, तेव्हा माथेरान रोडवर भाजीला निघालेल्या शेजारणी पिशव्यांसकट उभ्याच राहिल्या.

मैत्रिणींनो, हा बेल्ट म्हणजे दातेरी रबरी पट्टा. इंजिनात खाली क्रँक फिरतो, वर कॅम. खालचा दोनदा फिरला की वरचा बरोब्बर एकदा फिरायला हवा. तो मेळ हा पट्टा राखतो. रबरच ते, जुनं झालं की तुटतं, आणि गाडी असेल तिथे उभी राहते, मग तो बोरघाट का असेना. काही इंजिनांत तर पिस्टन आपटून व्हॉल्व्ह वाकतात.

बॅटरीची वायर सोडली, प्लग काढले, चाक उतरवलं. क्रँकच्या पुलीचा बोल्ट मात्र हलेना. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हे ब्रेक दाबून बसले, वॉचमनकडून आणलेला नळाचा पाइप मी पान्याला लावला आणि सगळा भार टाकला. कट्ट! मला वाटलं, मोडलं काहीतरी. बोल्ट सुटला होता.

नवा पट्टा चढेपर्यंत तिन्हीसांजा झाल्या. “लाव प्लग, चालू करू,” हे म्हणाले. माझं मन घेईना. शिलाई मशीन उघडलं की सुई आणि शटलचा मेळ मी आधी हाताने चाक फिरवून बघते, मगच पायटा मारते. तसाच क्रँक पान्याने सावकाश दोन फेरे फिरवला. खालची खूण जागेवर आली, वरची एक दात मागे!

“दिवा नीट धर. दिसत असेल तसं.”

“अहो, नाही जुळत.”

गाडीच्या बाबतीत मी ह्यांना असं कधी म्हटलं नव्हतं. हे वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “काढ परत.”

या खेपेला ताण देणाऱ्या पुलीच्या विरुद्ध बाजूचा पट्टा आधी ताठ घेतला, मग पुली आवळली. पुन्हा दोन फेरे. जुळल्या!

किल्ली ह्यांनीच फिरवली, डावा हात आडवा नेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी अशी किंचाळली की माझ्या पोटात गोळा आला. पण तो बाहेरचा फॅनबेल्ट होता, मीच ढिला बसवलेला. मी बॉनेट उघडते न उघडते तोच गॅलरीतून ह्यांचा आवाज आला, “बारा नंबरचा पाना घे! बारा नंबरचा!”