राऊटर: फायबरच्या पुढचे पंधरा मीटर

घरापर्यंत येणाऱ्या प्रकाशतंतूचा वेग आणि घरातल्या मोबाईलवर मिळणारा वेग या दोन वेगळ्या गोष्टी असून, राऊटरची निवड ही मुख्यतः त्यांच्यामधल्या दहा-पंधरा मीटरांचा प्रश्न असते. पुण्याच्या कर्वेनगर भागातल्या, जाड विटांच्या भिंतींच्या एका जुन्या इमारतीत प्रस्तुत लेखकाच्या घरी 200 एमबीपीएसची जोडणी आली, तेव्हा हॉलमध्ये वेग पुरेपूर मिळत असे, पण मागच्या खोलीत व्हिडिओ कॉल लावला की समोरच्याचा चेहरा गोठून राही.

पुरवठादार भिंतीवर जी पांढरी पेटी बसवतो तिला ओएनटी म्हणतात. तंतूतून येणाऱ्या प्रकाशाचे विद्युतसंदेशात रूपांतर करणे हे तिचे मूळ काम, आणि बहुतेक ठिकाणी तिच्यातच एक साधा वायफाय राऊटरही असतो. भारतात सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत एका तंतूवरून घरांकडे येणारा सुमारे 2.5 गिगाबिट वेग स्प्लिटर नावाच्या, विजेची गरज नसलेल्या विभाजकातून 32 किंवा 64 जोडण्यांमध्ये वाटला जातो. तक्रारीनंतर आलेल्या तंत्रज्ञाने हिरव्या टोकाची पॅच कॉर्ड काढून पॉवर मीटरला लावली, तेव्हा उणे 21 डीबीएम असा आकडा उमटला. डीबीएम हे एक मिलिवॉटशी तुलना करून शक्ती सांगणारे माप असून, आकडा शून्याखाली जितका जास्त उतरतो तितका प्रकाश क्षीण समजला जातो; नेहमीच्या जोडणीत उणे 27 पर्यंत निभावते. ‘लाइन ओके आहे काका, तुमच्या भिंतीच आडव्या येतायत,’ हे त्याचे निदान नेमके होते.

बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत मात्र या निदानाला उत्तर म्हणून सहा अँटेनांचा राऊटर पुढे केला गेला. वायफायमध्ये संभाषण दोन्ही बाजूंनी चालते, हे अशा वेळी दुकानदार सांगत नाही: राऊटरच्या प्रक्षेपणशक्तीवर कायद्याने मर्यादा असते, आणि तो त्या मर्यादेपर्यंत गेला तरी फोनचा दुबळा प्रक्षेपक त्याच भिंती ओलांडून उत्तर देऊ शकेलच असे नाही. खोक्यावरच्या ‘एसी 1200’सारख्या आकड्याचाही असाच प्रकार आहे, 2.4 गिगाहर्ट्झवरचे 300 आणि 5 गिगाहर्ट्झवरचे 867 यांची बेरीज फुगवून तो छापलेला असतो, आणि कोणताही एक फोन दोन्ही पट्ट्यांची ही बेरीज वापरत नाही. त्यातला पहिला पट्टा भिंतीतून बऱ्यापैकी पार होतो पण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राऊटरांनी भरलेला असतो. दुसरा मोकळा आणि वेगवान, पण दोन भिंतींतच हतबल होणारा. खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत दिलेली पोर्टची माहिती याहून महत्त्वाची ठरते, कारण अनेक स्वस्त राऊटरांची पोर्ट अजूनही 100 एमबीपीएसचीच असतात आणि 200ची जोडणी तिथेच निम्मी होते.

म्हणून सहा अँटेनांचा नाद सोडून वायफाय 6 आणि सर्व गिगाबिट पोर्ट असलेला मध्यम किमतीचा राऊटर घेण्यात आला, आणि ओएनटीपासून पॅसेजपर्यंत भिंतीच्या कडेने कॅट 6 केबल ओढून तो दाराच्या चौकटीवर, घराच्या जवळपास मध्यभागी बसवण्यात आला. मागच्या खोलीच्या वाटेत आता एकच भिंत उरली, आणि व्हिडिओ कॉल तिथूनही विनातक्रार चालू लागला.

खरी खटपट पुढेच होती. ओएनटी आणि नवा राऊटर हे दोघेही पत्त्यांचे भाषांतर, म्हणजे नॅट, करू लागले की त्याला डबल नॅट म्हणतात. साध्या ब्राऊझिंगला त्याचा त्रास जाणवत नाही, पण काही ऑनलाइन खेळ आणि बाहेरून पाहायचे घरचे कॅमेरे अडतात. त्यावर उपाय म्हणजे ओएनटी ब्रिज मोडवर ठेवणे, ज्यात ती केवळ संदेश पुढे सोडते आणि बाकीचा कारभार राऊटरकडे जातो. पुरवठादाराने आधी ‘सिस्टीममध्ये तसे होत नाही’ असे सांगितले आणि बराच पाठपुरावा झाल्यावर पीपीपीओई खात्याचे नाव, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक दिला. जोडणी घेतानाच हे तिन्ही मागून घेणे कितीतरी सोपे. वीज गेल्यावर लागणाऱ्या छोट्या यूपीएसचा विचारही त्याच वेळी करावा, कारण पेट्या आता दोन असल्याने त्याला दोन आउटपुट लागतात आणि दोन्ही अडॅप्टरांवरचे व्होल्ट व अँपिअर त्याच्याशी जुळावे लागतात.